गॅसवर चालणारी मोटार : तिची दुखणी आणि त्यांची चिकित्सा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी कित्येकांस नवल वाटले असेल. ज्या माणसाने सारी नोकरी खडू आणि डस्टर यांखेरीज दुसरे हत्यार हाती न धरता काढली, त्याने मोटारीच्या गॅसनळ्यांविषयी चार शब्द बोलावेत हे थोडे विपरीतच दिसते. आमचे शिक्षण जुन्या अकरावी मॅट्रिकपर्यंतचे, व पुढे शिक्षकी पदविका. इंजिनिअरची विद्या आमच्यापाशी नाही, व ती असल्याचा आव आणण्याचा आमचा विचारही नाही. परंतु शाळेत विज्ञान शिकवीत असता वायूंचे गुणधर्म पुष्कळ वर्षे फळ्यावर लिहिले, आणि २००८ सालापासून आमच्या दारी पेट्रोल व गॅस अशा दोन्ही इंधनांवर चालणारी एक लहान मोटार उभी आहे. फळ्यावरचे ज्ञान आणि दारातली मोटार यांची गाठ पडल्यामुळे जे काही हाती लागले, तेवढेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

विषय निवडण्याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपल्या सभासद-कुटुंबांपैकी पुष्कळांचा चरितार्थ गाडीवर चालतो. कोणी शाळेच्या मुलांची ने-आण करतात, कोणी रिक्षा चालवितात, कोणी भाड्याची मोटार ठेवून आहेत. यांतील बऱ्याच गाड्या एल.पी.जी. म्हणजे द्रवरूप पेट्रोलियम वायूवर चालणाऱ्या आहेत. अलीकडे सी.एन.जी.चे पंप वाढले, नव्या मोटारी बहुधा त्याच वायूच्या येतात, आणि एल.पी.जी.चे किट कारखान्यातूनच बसवून येणे जवळजवळ थांबले. परिणामी जुन्या गाड्या मात्र राहिल्या, पण त्यांचे मर्म जाणणारे मेस्त्री दिवसेंदिवस विरळ झाले. जो कारागीर भेटतो तो म्हणतो, “किट काढून टाका.” गरिबाच्या गाडीतून गॅस काढून टाकणे म्हणजे त्याच्या रोजच्या मिळकतीला कात्री लावणे होय, आणि म्हणून निदान दुखणे कोठे आहे इतके तरी मालकास कळले पाहिजे.

आपल्या देशात हा वायू स्वयंपाकघरात प्रथम आला तो १९५५ साली, आणि तोही मुंबईत. मोटारीत तो वापरण्यास कायद्याची मुभा मात्र २००० साली मिळाली. तत्पूर्वी ज्या गाड्या गॅसवर चालत, त्या चोरूनच चालत. चोरूनच चालविण्याची ती खोड अद्याप गेलेली नाही. तिचा समाचार पुढे घेऊ.

प्रथम या वायूचा स्वभाव समजून घेऊ, कारण स्वभाव कळल्यावाचून औषध देता येत नाही. एल.पी.जी. हे प्रोपेन व ब्यूटेन या दोन वायूंचे मिश्रण. प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांवर उकळतो, तर ब्यूटेन शून्याच्या जवळपास. म्हणजे आपल्या हवेत दोन्ही उघडे ठेवले असता वाफ होऊन उडून जातील. पण माफक दाबाखाली कोंडले की ते पाण्यासारखे द्रव होऊन राहतात. सी.एन.जी.च्या टाकीत वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब असतो, आणि एल.पी.जी.च्या टाकीत आपल्या उन्हाळ्यातही तो त्यामानाने अगदी थोडा, दहापटीच्या आतबाहेर. हा द्रव मोकळा झाला की त्याची वाफ मूळ आकारमानाच्या सुमारे अडीचशे पट होते. आणि ही वाफ हवेपेक्षा जड असते. प्रोपेन सुमारे दीडपट, ब्यूटेन सुमारे दुप्पट. म्हणून गळलेला गॅस वर उडून जात नाही. पाणी जसे उताराकडे धावते, तसा तो जमिनीलगत सरकत जाऊन गटारात, गॅरेजच्या खड्ड्यात, किंवा तळघरातील वाहनतळावर साचून बसतो. हवेत शंभरात दोन ते सुमारे साडेनऊ भाग इतके त्याचे प्रमाण झाले की ठिणगी पुरे. या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नाही. आपणांस जो उग्र वास येतो, तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या द्रव्याचा. टाकी संपत आली की हा वास अधिक जाणवतो, कारण ते द्रव्य मागाहून उडते. तेव्हा टाकी संपताना वास आला म्हणून घाबरून जाऊ नये. तथापि तपासल्यावाचूनही राहू नये.

आता गॅसचा प्रवास पाहू. पंपावर भरलेला द्रव टाकीत जातो. टाकीच्या तोंडाशी मल्टिव्हाल्व्ह नावाचा झडपांचा एक समूह बसविलेला असतो. त्यात एक तरंगता गोळा असून टाकी शेकडा ८० भरली की तो आत येणारा गॅस बंद करतो. ६० लिटरांची टाकी असेल तर त्यात ४८ लिटरच भरले जातात. पुष्कळ लोक याविषयी पंपावर हुज्जत घालतात की, “आमची टाकी पूर्ण का भरीत नाही?” उन्हाने द्रव फुगतो, त्याला फुगण्यास जागा हवी, ती न ठेवली तर द्रवाचा जोर थेट पोलादावर येईल. वरची ती रिकामी जागा म्हणजे आपल्या जिवाचा विमा आहे. त्याच समूहात दाब वाढल्यास गॅस बाहेर सोडणारी झडप असते, हाताने बंद करावयाची कळ असते, आणि नळी तुटून गॅस एकाएकी वेगाने धावू लागला तर आपोआप मिटणारी झडपही असते.

टाकीतून तांब्याच्या बारीक नळीने गॅस द्रवरूपातच पुढे इंजिनाकडे येतो. तेथे विजेवर उघडणारी सोलेनॉईड झडप असते व तिच्यातच एक फिल्टर असतो. त्यापुढे रेड्युसर. हा गॅसगाडीचा जठराग्नीच समजावा. द्रव येथे वाफ होतो, आणि वाफ होताना उष्णता मागतो. ओला हात वाऱ्यावर धरला असता गार पडतो, त्यातलाच हा प्रकार. ती उष्णता पुरविण्याकरिता इंजिनाचे गरम पाणी, म्हणजे कूलंट, रेड्युसरभोवती फिरविलेले असते. आतील रबरी पडदे, ज्यांना मेस्त्री डायफ्रम म्हणतात, ते गॅसचा दाब कमी करून इंजिन ओढील तेवढाच गॅस सोडतात. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत ही वाफ मिक्सरमधून हवेत मिसळते. नव्या पद्धतीत ती आणखी एका फिल्टरमधून जाऊन प्रत्येक सिलिंडरसाठी असलेल्या इंजेक्टरमधून, लहानशा संगणकाच्या हुकमाने, मोजून सोडली जाते.

एवढा नकाशा ध्यानात राहिला तर निम्मी दुरुस्ती झाली असे समजा. कारण गाडी बिघडली असता पहिला प्रश्न एकच विचारावयाचा : पेट्रोलवर ती कशी चालते? हा प्रश्न न विचारता जो मेस्त्री पाना हाती घेतो, त्याच्यापासून दूर राहावे असे आमचे स्पष्ट मत आहे. पेट्रोलवरही गाडी मिसिंग करीत असेल, दम टाकीत असेल, तर दोष गॅसचा नव्हे. तो प्लगमध्ये, वायरमध्ये, हवेच्या फिल्टरमध्ये अथवा खुद्द इंजिनात आहे. पेट्रोलवर मात्र ती सुरळीत धावते आणि गॅसवर घेताच रुसते, असे असेल तर बहुधा वर सांगितलेल्या मार्गावर कोठेतरी अडथळा आहे. बहुधा असे म्हणतो, कारण या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. गॅस आणि हवा यांचे मिश्रण पेटविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक जोरदार ठिणगी लागते. त्यामुळे झिजलेला प्लग किंवा चिरलेली वायर पेट्रोलवर कशीबशी निभावून नेते आणि गॅसवर उघडी पडते. पाठ कच्चा असलेला विद्यार्थी वर्गात शेजाऱ्याच्या आधाराने वेळ मारून नेतो व परीक्षेत सापडतो, तसेच हे.

दुसरी नोंद अशी की, गाडी सकाळी पेट्रोलवरच सुरू करून पाणी थोडे तापल्यावर गॅसवर घ्यावी. नव्या किटमध्ये हे आपोआप घडते. पाणी तापल्यावाचून संगणक गॅसला परवानगीच देत नाही. तेव्हा “गॅसवर पडायला वेळ लागतो” ही तक्रार थंडीच्या दिवसांत तक्रारच नव्हे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र चालकाने बटण मधल्या खुणेवर आणून कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल संपू द्यावे, इंजिन जरा अडखळू लागले की मग गॅसवर न्यावे. तसे न केल्यास पेट्रोल व गॅस दोन्ही एकदम आत जाऊन इंजिन गुदमरते, आणि दोष विनाकारण किटला लागतो.

गेल्या काही वर्षांतील एक उदाहरण येथे सांगतो. आमचा एक पुतण्या नाशिककडे शाळेच्या मुलांची व्हॅन चालवितो. डिसेंबरातल्या थंडीत त्याची गाडी गॅसवर दहा मिनिटे बरी चाले आणि चढ लागला की बंद पडे. एका गॅरेजने त्यास सांगितले की रेड्युसर गेला, आणि संगणकही बदलावा लागेल. आकडा ऐकून तो बापडा आमच्याकडे आला व म्हणाला, “काका, सकाळी पोरं गाडीत असतात, मागून शाळेची घंटा होते, आणि हिला चढावरच मरण येतं. एवढे पैसे आणू कुठून?” आम्ही गाडी थोडी चालवावयास सांगितली व नंतर बॉनेट उघडून पाहिले. इंजिन तापलेले, आणि रेड्युसरवर मात्र बाहेरून पांढरे दव गोठलेले! पाण्याच्या ज्या दोन रबरी नळ्या रेड्युसरकडे जातात, त्यांना हात लावला तर त्या गारच. तापलेल्या इंजिनाचे पाणी जर रेड्युसरपर्यंत पोहोचत असते, तर त्या चटका देत्या. इंजिन पुरते निवल्यावर रेडिएटरचे झाकण काढून पाहता पाणी बरेच खाली गेलेले. वरच्या नळीत हवा कोंडली होती, त्यामुळे पाणी फिरत नव्हते. पाणी नाही म्हणून उष्णता नाही, उष्णता नाही म्हणून वाफ नाही, आणि द्रवच पुढे सरकू लागल्यावर पडद्यांनी बिचाऱ्यांनी करावे तरी काय? कूलंट भरले, नळीतील हवा काढली, आणि गाडी चालू लागली. पण एवढ्यावर थांबून भागणार नव्हते. पाणी गेले कोठे, हा प्रश्न उरला होता. शोध घेता एका नळीची क्लिप सैल होऊन तेथून थेंब थेंब गळत होते. नवी क्लिप लावली. रेड्युसर व संगणक दोघेही अद्याप जागेवर आहेत आणि मुले वेळेवर शाळेत जातात.

पाणी पुन्हा पुन्हा कमी होत असेल आणि बाहेर कोठेच गळती दिसत नसेल, तर मात्र सावध व्हावे. रेड्युसरच्या आत गॅस व पाणी यांच्यामध्ये जो जोड असतो, तो फुटला म्हणजे गॅस पाण्यात शिरतो. रेडिएटरच्या पाण्यातून बुडबुडे येतात, नळ्या फुगून ताठ होतात, पाणी डब्यातून बाहेर उसळते. अशा वेळी टाकीची कळ बंद करून पेट्रोलवरच जावे आणि रेड्युसर उघडून नवे पडदे व जोड बसवून घ्यावेत. पूर्ण रेड्युसर बदलण्याची गरज दर वेळी असतेच असे नाही. पुष्कळ रेड्युसरांकरिता पडद्यांचा संच स्वतंत्र मिळतो, हे विचारून पाहण्यास संकोच करू नये.

रेड्युसरचे आणखी एक दुखणे म्हणजे आत साचणारे तेलकट काळे द्रव्य. गॅसबरोबर थोडा जड अंश येतो, तो वाफ न होता मागे राहतो व पडद्यावर चिकटतो. गाडी स्लो ठेवली असता बंद पडते, सिग्नलला धडधडते, रेस दिली की पुन्हा ठीक. अशी लक्षणे दिसल्यास प्रथम याचाच संशय घ्यावा. बऱ्याच रेड्युसरांना तळाशी एक बूच असते. ते रेड्युसर कोमट असताना, इंजिन बंद व टाकीची कळ बंद करून, उघड्या जागी काढले म्हणजे ही घाण खाली पडते. घाण काढून टाकूनही स्लो स्थिर होत नसेल तर पडदे कडक झाले आहेत असे समजावे. रबरही म्हातारे होते. त्यात आपणांस हसण्यासारखे काही नाही.

फिल्टर हा तर साऱ्यांचा विसरलेला सोबती. सपाटीवर गाडी बरी, पण माणसे बसली, चढ लागला, अथवा वेग घ्यावयाचा झाला की पिकअप नाही, थोड्या वेळाने ती आपोआप पेट्रोलवर पडते व बझर वाजतो. याचा अर्थ गॅस येतो, पण पुरेसा येत नाही. सोलेनॉईडमधला द्रवाचा फिल्टर, आणि इंजेक्टरच्या गाडीत पुढचा वाफेचा फिल्टर, हे दोन्ही पाहावेत. किटच्या पुस्तकात जेवढे किलोमीटर लिहिले असतील तेवढ्यांवर ते बदलावेत. पुस्तक हरवले असेल तर १५ ते २० हजारांच्या आत बदलणे शहाणपणाचे. फिल्टर उघडण्यापूर्वी टाकीची कळ बंद करून इंजिन गॅसवरच चालू ठेवावे. नळीतला गॅस जळून इंजिन आपोआप बंद पडेल, मगच पाना लावावा. हे काम खड्ड्यावर किंवा बंद खोलीत कधीही करू नये, आणि गॅसची सवय नसलेल्या हाताने तर मुळीच करू नये. मालकाने निदान करावे, हात फिटरचा असावा.

याच लक्षणाचे एक फसवे कारण आहे. टाकीची कळ एखाद्याने घाईने, एका झटक्यात उघडली तर आतील स्वयंचलित झडपेस वाटते की नळी तुटली, आणि ती मिटून बसते. गॅस असून गॅस येत नाही. कळ पुन्हा बंद करावी, काही मिनिटे थांबावे, दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला की झडप सुटते. मग कळ सावकाश उघडावी. या एवढ्या गोष्टीसाठी लोकांनी टोइंगची गाडी बोलाविलेली आम्ही पाहिली आहे!

गॅसवर घेताच गाडी ताबडतोब बंद पडत असेल तर सोलेनॉईडचा आवाज ऐकावा. बटण गॅसवर ठेवून किल्ली फिरविली की बऱ्याच जुन्या किटमध्ये एकदा ‘टक्’ असा आवाज होतो आणि इंजिन सुरू न केल्यास क्षणभराने पुन्हा बंद होतो. ही योजना मुद्दाम आहे : अपघातात इंजिन थांबले की गॅसही थांबावा. आवाजच येत नसेल तर फ्यूज पाहावा, वायरीचे जोड पाहावेत. पावसाळ्यात गंजलेला एक जोड पाचदहा हजारांच्या यंत्राची बदनामी करतो. काही महाभाग सोलेनॉईडला बॅटरीची वायर थेट जोडून गाडी चालू करून देतात. असा उपाय करणारा कारागीर कितीही स्वस्त पडो, त्यास दारात उभे करू नये. त्याने त्या गाडीचे रक्षण काढून घेतलेले असते.

मिक्सरच्या गाड्यांत कधी कधी बंदुकीसारखा बार होतो आणि हवेच्या फिल्टरची पेटी फुटते. यास बॅकफायर म्हणतात. सिलिंडरमध्ये पेटावयाचे मिश्रण मागे फिरून हवेच्या वाटेत पेटते. गॅसला दोष देण्यापूर्वी येथेही ठिणगीच तपासावी : प्लगची फट पेट्रोलपेक्षा किंचित कमी, साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर, वायरी निर्दोष, कॉईल सशक्त, ठिणगीची वेळ बरोबर. त्यानंतर गॅसचे प्रमाण फार कमी ठेवलेले नाही ना, ते पाहावे. एव्हरेज वाढविण्याच्या लोभाने गॅसचा स्क्रू आवळून घेणारे पुष्कळ असतात. अशाने एव्हरेज फारसे वाढत नाही, इंजिन मात्र तापते आणि व्हाल्व्हची बैठक जळते. एक लिटर गॅसमध्ये एक लिटर पेट्रोलाएवढी उष्णता नसते. म्हणून लिटरमागे पेट्रोलपेक्षा १५ ते २० टक्के अंतर कमी पडणे हे स्वाभाविक आहे. त्याहून बरेच कमी पडू लागले तरच दोष शोधावा, आणि तो शोध हवेच्या फिल्टरपासून सुरू करावा. धुळीने चोंदलेला फिल्टर हवा अडवितो व मिक्सरमधून गॅस जास्त ओढला जातो. व्हाल्व्हची फटही ठरल्या वेळी तपासून घ्यावी, कारण गॅसवर चालणाऱ्या इंजिनात तिची बैठक लवकर झिजण्याकडे कल असतो.

आता वासासंबंधी. गाडीत वास आला तर प्रथम गाडी मोकळ्या जागी थांबवून इंजिन बंद करावे, माणसे उतरवावीत, सर्व दारे व मागचे झाकण हातांनी उघडावे, आणि टाकीची कळ बंद करावी. दिवा, पंखा, मोबाईल यांपैकी कशासही गाडीजवळ हात लावू नये. वास निघून गेल्यावर साबणाचे दाट पाणी कुंचल्याने प्रत्येक जोडावर लावावे. जेथे बुडबुडे फुगतील तेथे गळती. काडी ओढून गळती शोधणारे वीर अद्याप आहेत असे ऐकतो. भगिनीवर्गास आमची विनंती आहे की अशा वीराच्या हातून काडेपेटी काढून घ्यावी, मग तो घरधनी का असेना! टाकीच्या तोंडावर जी बंद पेटी असते व तिच्यापासून गाडीच्या खाली जाणारी जाड नळी असते, ती चेपलेली किंवा निघालेली नाही ना, हेही पाहावे. झडपेशी गळलेला गॅस माणसांच्या बाजूस न येता रस्त्यावर जावा म्हणूनच ती योजिलेली आहे. सामान ठेवावयास अडचण होते म्हणून ती पेटी काढून टाकलेल्या शाळेच्या व्हॅन आम्ही पाहिल्या आहेत. त्या व्हॅनमध्ये कोणाची मुले बसतात? आपलीच.

ज्या गोष्टीचा समाचार पुढे घेऊ असे म्हटले होते, तिच्याकडे आता वळतो. घरगुती सिलिंडर उलटा टांगून, अथवा लहान मोटारपंप लावून, गॅस गाडीत भरण्याचा धंदा कित्येक गावांत बिनदिक्कत चालतो. पंप दूर आहे, तो बंद पडला, तेथे रांग आहे, ही कारणे खोटी नाहीत. अडचण आम्हांसही ठाऊक आहे. पण त्या पंपाच्या मोटारीची ठिणगी, तात्पुरता जोडलेला रबरी पाईप, जमिनीलगत पसरलेला गॅस, आणि चहुबाजूंस उभी माणसे, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. २०२४ च्या नोव्हेंबरात जळगाव शहरात एका ओम्नी मोटारीत असाच घरगुती गॅस भरला जात असता भडका उडाला. भाजलेल्यांत एकाच कुटुंबातील माणसे होती, आणि त्यांतील काहींचा पुढे मृत्यू झाला. त्याखेरीज, शेकडा ८० ची मर्यादा पाळणारी झडप जुनाट झालेली अथवा काढून टाकलेली असली तर अशा भरण्यात टाकी काठोकाठ भरते, व पुढे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे काय होईल ते सांगावयास नको. कायद्याच्या दृष्टीनेही घरगुती गॅसचा असा वापर जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखालील गुन्हा आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी पाठ फिरवील ती निराळीच. आपल्या मंडळापैकी कोणी हा धंदा करीत असल्यास, नाव न घेता पण पुरत्या गांभीर्याने सांगतो, की त्याने तो आजच बंद करावा. ज्यांना पंप दूर पडतो त्यांनी एका दिवशी दोघातिघांनी मिळून फेरी ठरवावी, किंवा हिशेब करून पेट्रोलवरच चालवावे. पाच-पन्नास रुपये वाचविण्यासाठी याहून महाग सौदा नाही.

पेट्रोलसंबंधीही एक सूचना राहिली. गॅसवर गाडी चालते म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवण्याची चाल वाईट. आधुनिक गाडीत पेट्रोलचा पंप टाकीतच, पेट्रोलात बुडून, थंड राहतो. पेट्रोल नसले की तो कोरडा फिरून जळतो. त्याचप्रमाणे पेट्रोलचे इंजेक्टर वापरावाचून चिकट होतात. म्हणून टाकीत नेहमी पाच-सात लिटर असावेत आणि आठवड्यातून थोडे अंतर पेट्रोलवर काटावे.

शेवटी कागदपत्रे. किट नंतर बसविलेले असेल तर ते मान्यताप्राप्त असून नोंदणी-पुस्तकात गॅसची नोंद आर.टी.ओ.कडून झालेली असली पाहिजे. सेकंडहँड गाडी घेताना पुष्कळ जण रंग व टायर पाहतात आणि ही नोंद पाहावयाची विसरतात. टाकीची दाबचाचणी दर पाच वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात करून घ्यावी लागते. टाकीवर जी धातूची पट्टी असते, तिच्यावर टाकीचा क्रमांक व चाचणीची तारीख कोरलेली असते. मुदत संपलेली असेल तर टाकी उतरवून चाचणीस पाठवावी, आणि ती उतरविण्याचे काम गॅस-फिटरकडूनच करून घ्यावे. पट्टीच गंजून वाचता येत नसेल, टाकीस खोल पोचे अथवा गंजाचे खड्डे असतील, तर असली टाकी डागडुजी करून वापरू नये, वेल्डिंग तर मुळीच करू नये. टाकी बाहेर गेलेल्या दिवसांत गाडी पेट्रोलवर चालवावी लागेल, तेव्हा पेट्रोलच्या टाकीत आधीच पुरेसे पेट्रोल भरून ठेवावे आणि गॅसची मोकळी नळी फिटरकडून बूच लावून बंद करून घ्यावी.